साडेसदतीस

मुंगसानं कोंबडी नेली नवव्या दिवशी.
रवणीवरची.
टोपलीत अकरा अंडी, दोन पिसं,
आणि भुशात अजून ऊब.

अंडी गोधडीत गुंडाळली,
शेजारच्या आम्रपालीला म्हणलं, बस इथं, हलू नको,
आणि रिक्षा केली स्टेशन रोडला.
बाहेर बेचाळीस. सीटचा चटका लुगड्यातनं लागत होता.
जन्मात पहिल्यांदा या उन्हाला म्हणलं,
थांब जरा, एवढ्यात उतरू नको.

दुकानात मुखीदनं तीन पेट्या मांडल्या फरशीवर.
पहिली थर्माकोलची, आत साठचा बल्ब, दीड हजार.
लाईट गेली की चादर टाका, म्हणाला.
दुसरी पिवळी, छप्पन्न अंड्यांची, सगळं आपोआप.
दर दोन तासाला अंडी स्वतःच कुशीवर वळवते,
पाणी आटलं की शिट्टी मारते.
"तुम्ही फक्त झोपा, मावशी.
आतला थर्मोस्टॅट जर्मनीचा."
म्हणलं, आन् मी परभणीची.
तो हसला. आमच्याकडं जर्मनीचं नाव काढलं की सगळेच हसतात.

तिसरी काचेच्या झाकणाची.
पंखा, काटा, बॅटरीला जोडायची वायर.
अंडी मात्र हातानं फिरवायची,
दिवसातनं तीनदा, रात्रीतनं निदान एकदा.
"ही कुणी घेत नाही."

शिट्टीचं मला सांगू नको, बाबा.
एकतीस वर्षं सिव्हिलला, तान्ह्या लेकरांच्या वॉर्डात, रात्रपाळी.
डॉक्टर बदलले, पेट्या बदलल्या, शिट्ट्यांचे सूर बदलले.
शिट्टी वाजते,
आणि मग कुणाला तरी उठावंच लागतं.
एकदा लाईट गेली आणि जनरेटर घोरतच राहिला.
मी, सिस्टर, झाडायला आलेली केवळबाई,
बटणं काढून जेवढी मावली तेवढी छातीशी धरली.
अंधारात कुणापाशी कुणाचं, कळत नव्हतं.
सगळी जगली असं मी सांगत नाही.

हे मुखीदला बोलले नाही.
पेटीत तळवा घातला, भिंत दाबून बघितली,
आणि विचारलं, लाईट गेल्यावर किती वेळ ऊब धरते?
तो पहिल्यांदाच विचारात पडला.

फेब्रुवारीत रिटायर झाले.
तेव्हापासून रात्री दोनला डोळे उघडतात टक्क,
पाय चपला शोधतात,
आणि घरात उठवणारं कुणी नाही.

ही दे, म्हणलं.

बिलावर नाव काय घालू, मावशीच?
पूर्ण लिही. गंगासागर किसनराव वाव्हळे.
वॉरंटी एक वर्षाची, माझ्या नावानं.

घरी येऊन एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरलं.
नवांत लाल शिरा, आणि एक काळा ठिपका
जो उजेडाला दचकला.
दोन स्वच्छ, पाण्यासारखी.
आम्रपाली म्हणाली, ही वांझ का गं?
म्हणलं, रिकामी म्हण.

पेन्सिलीनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा.
दुपारी उलटाच कारभार. पेटी तापू नये म्हणून कूलरसमोर ओढायची,
भोवती ओलं पोतं.
बाहेर त्रेचाळीस, आत साडेसदतीस.
अख्ख्या गल्लीत तेवढीच एक गार जागा,
आणि तिथं नऊ जण झोपलेले.
रात्री दोनला फुली खाली, गोळा वर.
हळू. मान धरून वळवावं तसं.

अठराव्या दिवशीचं कागदावर ठळक छापलंय:
आता फिरवू नये. झाकण उघडू नये.

तरी दोनला उठले.
हात धुतले कोपरापर्यंत, सवयीनं. पुसले.
मग त्यांचं काय करावं, सुचेना.
मांडीत घेऊन बसले.
काचेवर आतून वाफ धरली होती.
फुली कुठली, गोळा कुठला, काही दिसत नव्हतं.