सातवा रकाना

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
वजनकाट्याला जोडलेला तो संगणक
जप्त केला तेव्हा चालूच होता.
चालू असेल तर घाईनं बंद करू नये,
बंद असेल तर चालू करू नये,
आणि कुणी कॉफी विचारली तर नको म्हणावं,
एवढं मला कोपनहेगनला शिकवलं होतं.
कॉफी मी घेतली.
विचारणारी कॅन्टीनमधली यास्पुरची बहीण होती,
आणि या बेटावर नाही म्हणायचं
तर आधी दुसरं बेट गाठावं लागतं.

मग तारांचे फोटो. चिठ्ठ्या. पिशवीला सील.
फॉर्मवर सह्या: कुणी दिलं, कुणी घेतलं, किती वाजता.
सातव्या रकान्यात यंत्राचं घड्याळ आणि माझं घड्याळ
शेजारी शेजारी लिहिलं,
नेहमी लिहिते तसं, न वाचता.

चौकीच्या मागच्या खोलीत
डिस्क त्या छोट्या पेटीला जोडली
जिच्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही.
(माणसांसाठी अशी पेटी नाही.
एखाद्याकडे नुसतं पाहिलं
तरी त्याच्यात काहीतरी लिहिलं जातं.)
पहाटेपर्यंत प्रत उतरत राहिली,
रिकाम्या जागेसकट,
रिकाम्या जागेतच बरंच काही राहतं म्हणून.
शेवटी चौसष्ट अक्षरांचा ठसा,
मूळचा आणि प्रतीचा, तंतोतंत.

पुसलेली खातेवही सापडली.
पुसणं म्हणजे इथे दारावरची पाटी काढणं;
माणूस आत बसलेला असतो.
नऊ लाख क्रोनर, कधीच न पकडलेल्या कॉडचे.
पुसल्याची वेळ: शनिवार, रात्री नऊ वीस.
दाराच्या नोंदीत यास्पुरचं कार्ड
नऊ पस्तीसला बाहेर.
आत तो एकटाच.
गावानं निकाल त्याआधीच लावला होता.
कॅन्टीनमध्ये त्याच्या बहिणीच्या टेबलाशी
कुणी बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अहवाल टाइप करताना
सातव्या रकान्याशी आले.
यंत्र: १३.०४. मी: १४.०४.
मार्चमध्ये सगळ्यांनी काटे तासभर पुढे केले,
वजनकाट्याच्या संगणकाला कुणी सांगितलंच नाही.
आकडा लिहिणं आणि आकडा कळणं
यांच्यात माझे तीन दिवस गेले होते.

म्हणजे नऊ वीस नव्हे. दहा वीस.
जूनचा मेळा, उजेड अजून डोंगरावर,
आणि सभागृहात दोनशे माणसांची साखळी:
वाद्य नाही, फक्त पाय आणि आवाज,
दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे.
माझ्या डाव्या हातात एक हात होता
ज्याची करंगळी अर्धीच आहे,
लहानपणी होडीच्या दोरात गेलेली.
ते बोट मी चेहऱ्याकडे न पाहता ओळखते.

चोर सोडून संन्याशाला फाशी,
ते तरी टळलं, म्हणत मी खुर्चीतून उठले
आणि परत बसले.
आता मी तपास करणारी उरले नव्हते.
मी पुरावा होते,
सील न लावलेला, आठवडाभर गावात मोकळा हिंडलेला,
कॉफी प्यायलेला.

टोर्किल राजधानीहून आला, समुद्राखालच्या बोगद्यांतून.
पिशवी घेतली, सही केली,
मग माझ्यासाठी कोरा फॉर्म काढला.
कुठला हात? डावा.
नक्की वेळ?
घड्याळ मी नाचाआधी काढून खिशात ठेवलं होतं.
मला फक्त कडवं आठवतं:
राणीचं जहाज खडकावर फुटतं,
आणि तिकडे किनाऱ्यावर नवरा
तिच्यासाठी घोडा धुतो आहे.

टोर्किलनं हसणं आवरलं. किंवा हसलाच नसेल.
"एकूण कडवी किती?"
"एकशे बावन्न."
"सुरू कधी केलं?"
"चर्चची नऊची घंटा झाल्यावर."
त्यानं कागदाच्या कोपऱ्यात
बारीक अक्षरात भागाकार मांडला.