पहिलं विरजण

डोंगराच्या पोटात, चौदाशे मीटर दगडाखाली
माझी रात्रपाळी असते.
महामार्गाच्या बोगद्यातच एक फाटा आहे,
ट्रकवाल्यांना तो दिसतही नाही.
तिथे आम्ही सूर्याकडून येणाऱ्यांची वाट पाहतो.
उन्हाची नव्हे, त्या मुक्या कणांची,
जे अख्खा डोंगर ओलांडतात
धुक्यातून मेंढपाळ यावा तसे.
दिवसाकाठी थोडेच सापडतात
आणि सगळ्यांची साक्ष एकच:
तिथे, आत,
कुणीतरी कुणालातरी घट्ट धरलं.

पहाटे घरी येते तेव्हा बाबा उठलेले असतात.
ओरेस्ते. वय एक्याऐंशी. मेंढ्या आता चाळीसच.
तांब्याच्या कढईत दूध कोमट होत असतं
आणि ते विचारतात, हवापाणी विचारावं तसं,
"काय एर्सिलिया, सापडला का धरून ठेवणारा?"

मी सांगते, रोज थोडं थोडं.
चार हायड्रोजन एकत्र येऊन एक हेलियम होतो
तेव्हा वजन भरत नाही.
हजारात सात कमी.
तराजू बिघडलेला नसतो.
जे उणं पडतं
तेच बाहेर येतं, ऊन होऊन.

बाबा हसत नाहीत.
साकळलेलं दूध फडक्यात घेतात,
गाठ मारतात, वर दगड ठेवतात.
निवळी टपटपत राहते बादलीत, अजून कोमट.
"पाच लिटरचं किलोभर,"
ते म्हणतात, "यात पगार घेण्यासारखं
काय शोधलंत तुम्ही लोकांनी?"

मग मी जरा इरेला पेटते.
म्हणते, आणखी खाली गेलं की हिशेब उलटा फिरतो.
प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क,
तिघांचं मिळून वजन शंभरातलं एक.
उरलेलं नव्व्याण्णव म्हणजे नुसती ओढाताण,
सुटू पाहणं आणि सुटू न देणं.
बाबा, तुम्ही बासष्ट किलो.
त्यात पदार्थ असा काय तो अर्धा-पाऊण किलो.
बाकीचे तुम्ही सगळे धडपड.

ते बराच वेळ तळहाताकडे पाहत राहतात.
नखांत वाळलेलं दूध.
"तुझी आई शेवटी अठ्ठेचाळीस भरली होती,
लाकिलाच्या दवाखान्यात. मग ते पण...?"
हो. ते पण.

रविवारी फादर लिदियो येतात, चीज न्यायला.
त्यांचं म्हणणं, आधी शब्द होता.
माझं म्हणणं, आधी एवढा ताप होता
की कुणाचाच हात कुणाच्या हातात टिकत नव्हता;
जग निवत गेलं, तशी पकड बसत गेली.
"पण पकड आली कुठून?"
हे दोघांनी एकदमच विचारलं.
एक पाव तोंडाशी थांबवून,
एक कढई घासता घासता.
मला समीकरण येतं.
त्याच्या अलीकडचं येत नाही.

बाबांनी फळीवरची काचेची बरणी काढली.
तळाशी कालची निवळी, आजच्या दुधासाठी राखलेली.
कालच्यात परवाची होती, परवात तेरवाची,
आजोबांनी लावली तेव्हापासून खंड नाही;
भूकंपाच्या रात्री घर पडलं
तेव्हा ते हीच बरणी घेऊन बाहेर आले होते,
बूट विसरून.

"आणि आजोबांना कुणी दिली?" मी विचारलं.
"शेजारून आणली. झक्कारियांकडून.
वाटीभर.
परत करायची राहिलीच."

फादर इतके हसले की ठसका लागला.
मी हसले नाही.
बोगद्यात शिरताना डोक्यात तेच:
सगळं जे आहे ते ज्या घरात आहे
त्या घराला शेजार कुठला,
आणि वाटी घेऊन पहिल्यांदा
कोण कुणाच्या दारात उभं राहिलं.

तीन वाजून अकरा मिनिटांनी पडद्यावर एक ठिपका आला.
वहीत नोंद केली.
बाहीला अजून आंबूस वास येत होता.