अहवालातली दोन वाक्यं

कागदावर मी होतो विधिसंघर्षग्रस्त बालक.
आईने तो शब्द तीनदा वाचून घेतला शेजारच्या पोराकडून
आणि विचारलं, 'ह्यो रोग बरो होतलो मां?'

वय सोळा. आनंदवाडीत ओढून ठेवलेल्या होडीचा पितळी पंखा,
कणकवलीच्या भंगारात बावीसशेला.
होडी धुरतांची. धुरत माझ्या मामाचे व्याही.

पहिले साहेब गवंडे. ओरोसला, सोमवारी अकराला.
देवगडहून पहाटेची एसटी,
पायरीवर दोन तास, मग टेबलाशी दोन मिनिटं.
'सुधारलास का?' मान खाली, पेन वर.
'होय.'
'सही कर.'
असा मी अकरा वेळा सुधारलो.
वाईट नव्हते ते. त्यांच्या कपाटात एकशे चाळीस पोरं होती,
सुतळीने बांधलेली.

मग ओटवणेकर मॅडम.
त्यांनी विचारलं, एसटीचे पैसे कोण देतं.
मी म्हटलं, आई. सोमवारचा लिलाव सोडून सोबत येते ती.
पुढच्या वेळेपासून त्याच देवगडात येऊ लागल्या,
गुरुवारी, बर्फाच्या फॅक्टरीमागे.
'मी कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं
ते तू ठरव,' म्हणाल्या.
मी काहीच ठरवलं नाही. लोकांनी ठरवलं.

एकदा पाठकोऱ्या कागदावर ती रात्र काढायला लावली.
आठला कुठे. नऊला कुठे. सोबत कोण.
पाना कुणाच्या हातात.
मी पेन असं दाबलं की कागद फाटला.
त्या गप्प. आत लादी फोडण्याचा आवाज.
मग फाटक्या कागदावर बोट ठेवलं, साडेदहाशी:
'इथे तू घरी निघाला होतास. वळलास का?'

चोरी का केलीस, हे सगळ्यांनी विचारलं होतं,
पोलिसांनी तर हाताने विचारलं होतं.
वळलास का, हे कुणीच नाही.
केतनने मागून हाक मारली होती: 'भियालस?'
एवढंच. एका शब्दाचा गुन्हा.

मग आम्ही सराव केला. खरंच.
त्या केतन झाल्या, ओढणी कमरेला खोचून:
'भियालस?'
त्यांची बोली सावंतवाडीकडची, मला हसू फुटलं.
'होय, भियालंय' एवढं म्हणायला
मला चार गुरुवार लागले.

चुकल्याही त्या. एका गुरुवारी आल्याच नाहीत,
मी सहापर्यंत ओल्या पोत्यावर बसून.
पुढच्या खेपेला कारण सांगण्याआधी म्हणाल्या, 'माझं चुकलं.'
सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य
आमच्या बंदरात बहुतेक मी एकट्यानेच ऐकलं.

पाचव्या महिन्यात मी पुन्हा डिझेल काढलं. दोन कॅन.
रात्रभर कॅनकडे बघत बसलो. उजाडल्यावर फोन केला.
त्यांनी अहवालात लिहिलं,
'मुलाने पुन्हा डिझेल चोरले.'
मी म्हटलं, मॅडम, हे गाळा.
'नाही गाळणार.'
आणि खाली:
'सकाळी सात वाजता त्याने स्वतः फोन करून सांगितले
व कॅन परत नेऊन दिले.'
मंडळासमोर दोन्ही वाक्यं वाचली गेली.
सरकारी कागदात मी मला पहिल्यांदाच ओळखला.

केतन गवंड्यांकडेच राहिला.
हजेरी पूर्ण, एकही सोमवार चुकला नाही.
आता कळंब्याला असतो. आत.

मॅडमची बदली झाली, कुठे ते विचारायचं राहिलं.

काल आमच्या बोटीवरच्या नेपाळी पोराने
टपातली चार पापलेटं गायब केली.
मालक म्हणतो, हाकल.
मी त्याला बर्फाच्या फॅक्टरीमागे घेऊन आलोय.
वळलास कुठे, विचारलं.
बोलत नाही. नखाने पोत्याचा धागा उसवतोय.
माझ्या जिभेवर शिवी येऊन बसली आहे, चांगली, देवगडची.
तिकडे लिलाव सुरू झाला.

बसलोय.