मसुदा

शुक्रवारी दुपारी चार वाजता
क्लाइपेडातल्या आमच्या कचेरीत
एकशे बारा माणसं एकदमच
आठवडाभर काय केलं ते आठवायला बसतात
आणि पडद्यावर चक्र फिरू लागतं.

एकेचाळीस सेकंद. मी मोजलेत.
तेवढ्यात झिद्रूने खालून कॉफी घेऊन येते.
वैदोतस चष्मा पुसतो, पुसलेला पुन्हा पुसतो,
मग माझ्याकडे बघतो,
चक्र मीच टेबलाखाली पायाने फिरवतेय असं.

जहाजांच्या पोटातले पाइप आखतो आम्ही.
कुठल्या जहाजाला किती तास लागले, ते इथे भरायचं;
वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तेही इथेच.

विकणारे म्हणाले, सर्व्हर मोठा घ्या.
घेतला.
एकेचाळीसचे एकोणचाळीस झाले.
संचालकबाईंनी त्या दोन सेकंदांची किंमत काढून
मला ईमेलने कळवली.

शनिवारी एकटीच येऊन बसले.
बाहेर वारा, क्रेनच्या तारा वाजत होत्या,
फेरीबोट खाडी ओलांडून वाळूच्या पट्टीकडे निघालेली.
लॉग उघडला.
एकच प्रश्न, तीस हजार वेळा:
कुणाचा मसुदा राहिलाय का?
कुलूप लागलं का बघायला
जिना उतरलेला माणूस पुन्हा पुन्हा वर यावा, तसा.
आणि दर वेळी तो पहिल्या पानापासून शोधायचा,
कारण तक्त्याला इंडेक्सच नव्हता.
बांधला. अकरा मिनिटं लागली.
नऊ सेकंद.

नऊवर घोडं अडलं.

संध्याकाळी कळलं कुठे.
जहाज क्रमांक दोनशे चौदा.
केव्हाच पाण्यात उतरलं, एकदा पुन्हा रंगवूनही झालं,
आमच्याकडे मात्र अजून बांधायचं चाललंय.
त्याचे सगळे तास दर शुक्रवारी नव्याने दळले जातात,
कारण एक पान जमा व्हायचं राहिलंय:
गिंताउतस, सात वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, गुरुवार.
दोन तास बैठक.
पुढचे सहा कोरे.

एका ओळीत पुसता आलं असतं.
ओळ लिहूनही झाली होती.
पण ज्याचे तास त्यानेच सांगावेत असा नियम आहे,
आणि तो नियम, खरं तर, मीच बसवलेला.

बर्गनला फोन लावला.
तो आता माशांना खाणं घालणारी यंत्रं दुरुस्त करतो.
मागे कुणीतरी लहान मूल रडत होतं.
"कुठला गुरुवार?" म्हणाला,
आणि मग गप्प झाला,
चक्रापेक्षाही जास्त वेळ.

"फेरीबोटीवर होतो.
या काठावरून त्या काठाला, परत या काठाला.
किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. उतरलोच नाही.
जावं की राहावं, ठरेना.
तू काहीही लिही. पाइपांची तपासणी लिही."

यादी खाली ओढली.
आखणी. तपासणी. बैठक. दुरुस्ती.
सगळ्यात तळाशी, आमच्यात कुणी कधी न वापरलेला:
प्रवास.

"सहा तास," मी म्हटलं.
"साडेपाच लिही," तो म्हणाला, "मध्ये सँडविच खाल्लं."

जहाज दोनशे चौदा बंद झालं.

पुढच्या शुक्रवारी चार वाजता
पान बोट उचलायच्या आत समोर हजर.
कुणी काही बोललं नाही.
झिद्रूने सवयीने खाली गेली, कॉफी घेऊन आली,
पान तिची वाट बघत होतं.
वैदोतसचा विश्वास बसेना, म्हणून त्याने
'जतन करा' तीनदा दाबलं
आणि आठवड्यात एकशे वीस तास काम केलं.

ते निस्तरता निस्तरता सहा वाजले.
मग माझं पान उघडलं.
शनिवारचे सात तास
कुठल्या जहाजावर टाकायचे, कळेना.
प्रत्येक जहाजापुढे थोडा वेळ थांबले.
कोट चढवला, दिवा घालवला,
मसुदा म्हणून ठेवलेत.