बद्द

चांगलं चाक टण्ण वाजतं, आणि हातोडा उचलल्यावरही थोडं वाजत राहतं.
तडा गेलेलं बद्द वाजतं. लगेच गप्प.
एकतीस वर्षं मी एवढंच ऐकलं :
माटुंग्याचं वर्कशॉप, मग वाडीबंदरचं यार्ड,
लांब दांड्याचा हातोडा, रात्रपाळीला कंदील, पुढे बॅटरी.
बद्द निघालं की डब्यावर खडूने फुली,
डबा काढून बाजूला उभा.

त्या फेब्रुवारीच्या शेवटी यशोधराचा फोन आला
थांबलेल्या गाडीतून.
कीव्हहून पश्चिमेकडे निघालेली, दिवे मालवलेले,
एका बाकावर पाच पोरी, डॉक्टरकीची पुस्तकं हॉस्टेलातच राहिलेली.
"बाबा, कुठल्यातरी गावात उभे आहोत.
गाव एवढंसं, जंक्शन केवढं!"
नाव तिने तीनदा सांगितलं.
मी वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं : कोझ्यातिन.

आणि तिच्या मागून आवाज आला.
टण्ण.
चार पावलं. टण्ण.
मी म्हटलं, बोलू नकोस, फोन खिडकीशी धर.
भोंगा वाजत होता, आणि त्याच्या खालून
कुणीतरी चाकं वाजवत येत होतं.
"बाई आहे," यशो कुजबुजली,
"नारिंगी जाकीट. तुमच्याहून म्हातारी."
नेहरूनगरच्या खोलीत, ओट्याला टेकून,
मी सोळा चाकं मोजली. एकही बद्द नाही.
म्हटलं, बस निवांत. गाडी धड आहे.
वरून काय पडेल ते चाकाला विचारून कळत नाही.
हे मी बोललो नाही.

मग भाच्याने छापून दिलेल्या कागदांवर
ते गाव वाचत बसलो, चष्मा पुसत.
रूळ आले म्हणून गाव वसलं,
रूळ होते म्हणून प्रत्येकाला ते हवं झालं.
एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात जर्मन आले.
त्या देशात जिथे शिरले तिथे त्यांनी रुळांची रुंदी बदलली,
एक रूळ नऊएक सेंटिमीटर आत ओढला.
मुलूख घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.
गावातल्या ज्यूंना नेऊन मारलं,
त्याला गाडीसुद्धा लागली नाही.
त्रेचाळीस सरता सरता गाव सुटलं.
त्याच महिन्यात आमचे आबा माटुंग्याला
लष्करी वाघिणींना चाकं चढवत होते.
कुठे जाणार, असं विचारायचं नाही, असा हुकूम.
आबांनी मरेपर्यंत तो पाळला.

एप्रिलात पेपरात चार ओळी आल्या :
त्या स्टेशनाजवळ क्षेपणास्त्र पडलं.
बाईचं काही नव्हतं त्यात.
असणार कसं?

यशो आता गोवंडीत एका डॉक्टरच्या हाताखाली असते.
तिची डिग्री तीन कचेऱ्यांच्या मधे अडकून पडलेली,
सिग्नल न मिळालेल्या मालगाडीसारखी.
त्या रात्रीबद्दल ती बोलत नाही.
फक्त झोपताना फोन चार्जिंगला लावलाय का,
हे दोनदा उठून बघते.

परवा माझा खोकला थांबेना.
तिने मला स्टुलावर बसवलं, बनियन वर केलं,
डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर टेकवलं
आणि त्यावर उजव्या बोटाने ठोकलं.
वरपासून खाली. चार बोटं सोडून पुन्हा.
अरे, हे तर आमचंच काम!
मी हसायला लागलो.
"हलू नका," ती म्हणाली.
पोकळ. पोकळ. पोकळ.
डावीकडे, अगदी तळाशी,
बद्द.

तिने पुन्हा ठोकलं. मग शेजारी. मग पुन्हा तिथेच.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती लागत नव्हती.
"थंडी भरली असेल," यशो म्हणाली,
"उद्या एक एक्सरे काढून टाकू. निवांत बसा."
बरं, म्हटलं.
तिने बनियन खाली ओढलं, नीट केलं.
मी वळून आधी तिच्या हाताकडे पाहिलं.
खडू नव्हता.