कानातलं हाड

पहिल्या वर्षी मी कपडे दोनदा धुवायचे.
एल्मिनाचा धूर साबणाला दाद देत नाही, आई.
तुझ्या भट्टीवरचे मासे
माझ्या ब्लाउजच्या शिवणीत बसून
टेकडीवरच्या विद्यापीठात आले,
प्रवेशाच्या रांगेत माझ्याआधी पोचले.
पुढची मुलगी वळून बघायची.
मी खिडकीकडे बघायचे.

त्याच वर्षी संख्याशास्त्रात नापास.
लाल शाईत एकोणतीस.
तुला फोनवर म्हटलं, पेपर बरा गेला.
तू म्हणालीस, आवाज का असा, केंकी खाल्लीस का?
खोटं बोलणं मी घरूनच शिकून आले होते,
सफाई तिथे आली.

खोलीत वुनपिनी, उत्तरेकडची, तमालेची.
तिनं समुद्र पाहिला नव्हता.
पाहिला तेव्हा बराच वेळ गप्प.
मग विचारलं, याला कुणी झोपवत नाही का गं?
म्हटलं, मंगळवारी. मंगळवारी त्याची सुट्टी,
होड्या वाळूवर, जाळी उन्हात,
कुणी पाण्यात पाऊल घालत नाही.
मी त्याच दिवशी जन्मले, म्हणून अराबा.
'म्हणजे सगळे आराम करत होते
आणि तुझी आई तेवढी कामात.'
आई, एकोणीस वर्षांत
मला हे सुचलं नव्हतं.

संख्याशास्त्राला दुसऱ्यांदा बसले.
नमुना कसा निवडावा, पान चौऱ्याऐंशी,
चार वेळा वाचलं, चारही वेळा कोरडं.
आणि सुट्टीत तू बाजारात
त्या कुमासीच्या व्यापारणीची पाटी घेताना
वरच्या चकचकीत माशांकडे बघितलंही नाहीस,
कोपरापर्यंत हात खुपसून
तळाचा एक काढलास, मधला एक, कडेचा एक,
वास घेतलास, भाव पाडलास.
मी तिथेच उभी.
पान चौऱ्याऐंशी माझ्यासमोर
लुगडं खोचून घासाघीस करत होतं.

एकाहत्तर मिळाले. हे मात्र खरं सांगितलं.

तिसऱ्या वर्षी डॉ. बेन्टिलनी हातात चिमटा दिला.
माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी,
तांदळाच्या कणीएवढं हाड असतं,
त्यावर वयाच्या रेषा.
पहिल्यांदा मोजल्या, चार. परत, सहा. परत, पाच.
रडू आलं. बाई म्हणाल्या, तिन्ही लिही.
आपलं पाणी कोमट, इथे रेषा फिकटच उमटतात.
तुझा आकडा फार ठाम दिसायला लागला
तर पुन्हा भिंगाखाली बघ.

मग शेवटचं वर्ष, आणि एकोव मामाची होडी.
पहाटे किनाऱ्यावर फूटपट्टी घेऊन मी,
नावाडी हसले, एक म्हणाला,
आमच्या मिशाही मोजून घे.
मासे लहान. मागच्या वर्षीपेक्षा लहान.
अंडी घालायच्या आधीच पाटीत आलेले.
मामाच्या जाळ्यात माझी करंगळी
पहिल्या पेरापर्यंतच गेली.
त्याने पाहिलं. मी पाहिलं.
तो म्हणाला, लिही की, थांबलीस का?

जाळ्याची भोकं कायद्याच्या मापापेक्षा बारीक, हे लिहिलं.
माझी आठही सत्रांची फी त्याच जाळ्यातून आली,
हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.
महिनाभर मामा माझ्याशी बोलला नाही.
एकदा जेवताना बोलला, मीठ मागायला.

काल तुला दाखवायला ते हाड घरी आणलं.
तू तळहातावर घेतलंस, दिव्याजवळ नेलंस.
'चाळीस वर्षं मासे चिरतेय,
याला कान असतात म्हणून कुणी सांगितलं नाही.'
मग भट्टीतलं लाकूड पुढे सारत विचारलंस,
वय कळतं, ठीक,
पण पाणी सोडून वर येताना
याला काय ऐकू आलं असेल, ते कळतं का?

नाही गं, म्हटलं.
आणि हे म्हणताना
नजर खिडकीकडे गेली नाही.

धूर माझ्या बाजूला वळला.
मी जागा बदलली नाही,
खोकले मात्र खूप.