टॉवेलाखालचा आकडा

लोटलीचा मिंगेल फुर्ताद नऊला येतोय, टेम्पो घेऊन.
पहाटे मी आचळं कोमट पाण्यानं धुतली,
दूध काढलं, मोजलं, वहीत मांडलं: दोन लिटर तीनशे.
मग बराच वेळ वहीकडेच बघत राहिले,
शेळीकडे नाही.

आबा विकायचा तेव्हा वही नव्हती.
म्हापशाला शुक्रवारी, टॉवेलाखाली हात.
सबंध बोट दाबलं की हजार, अर्धं दाबलं की पाचशे.
तोंडानं दोघंही भाताच्या लावणीचं बोलत,
आकडा फक्त तळहातांना ठाऊक.
घरी आल्यावर आई त्याचा हात हुंगायची
आणि म्हणायची, "स्वस्तात गेली."
दरवेळी. एकदाही चुकली नाही.

माझ्याकडे फाइल आहे.
कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे बारा आकडे,
आईचं दूध, आईच्या आईचं दूध,
बाप पंजाबातला बीटल बोकड,
जो इथं कधी आलाच नाही;
वाळपईच्या डॉक्टरांच्या टाकीतून
वाफाळत्या गारठ्यात आली ती एक नळी.
लसी, तारखा, जांभळे शिक्के.
कागदावर ती नंबर. हाकेला आबोली.

अठ्ठावीस हजार.
गोठ्याच्या भिंतीला तीनदा म्हणून पाहिलं.
पलीकडची ठकू हसली:
"शेळीचे अठ्ठावीस? तेवढ्यात म्हशीचं पारडू येतं,
वर दावं फुकट."
तिला दुधाच्या नोंदी वाचून दाखवल्या.
ती म्हणाली, "हां, पण शेळीच ना?"

आबोलीला जुळा भाऊ होता.
तीच आई, तोच न आलेला बाप,
हिच्या अर्धा घटका आधी जन्मला.
त्याच्या कानाला बिल्ला लावला नाही.
शिमग्याच्या आधी काट्यावर टांगला, बावीस किलो.
वहीत त्याची एकच ओळ आहे
आणि तिथं मी पानं भरभर उलटते.

मिंगेलनं दात पाहिले, कास चाचपली,
फाइल उभ्यानंच वाचली, शेवटच्या पानापर्यंत.
मग मिटून म्हणाला,
"बरें तें बरयलां. वायट कितें तें सांग."

त्यासाठी फॉर्मात रकाना नाही.
मी सांगत गेले.
डाव्या आचळाची धार उशिरा सुटते.
काजूच्या दिवसांत बोंडू खाल्ले तर दुधाला दर्प येतो,
तुझ्या चीजला चालायचा नाही.
वीज कडाडली की दोन दिवस पान्हा चोरते.
आणि एकटी ठेवलीस तर अशी ओरडेल
की तुझ्या वाड्यावरचं कुत्रंही झोपणार नाही.

तो गप्प. मी मनात पाच हजार वजा केले,
मग आणखी दोन.

"एकटी कशाला," तो म्हणाला, "ती काळीही दे."

काळी.
गावठी, एक कान फाटका, दूध जेमतेम चहापुरतं.
तिची आई कुठली ते मलाच माहीत नाही;
एका पावसाळ्यात कळपामागून आली आणि राहिली.
आबोली तिच्याच पोटाला टेकून झोपते.
"किती?"

वहीत तिचं पान नव्हतं.
काय झालं कोण जाणे,
खांद्यावरचा टॉवेल ओढून मी हात पुढे केला,
बोटं मोकळी, आबासारखी.

त्यानं तो हात धरून चांगला गदागदा हलवला.
सौदा झाला असं त्याला वाटलं.
आतून दाबलेली माझी चार बोटं
त्याला कळलीच नाहीत.
खिशातून त्यानं सहा हजार मोजले
आणि आबोलीचे अठ्ठावीस, घासाघीस न करता.

मग हस्तांतराचा कागद. खाली छापलेलं: पैदासकार.
समोर लिहिलं, भागी बिरो वरक.
ठिपका देताना पेन अडकलं, शाई बोटांवर सांडली.

टेम्पो वळणाआड गेला तरी
दोघींपैकी एकीचा आवाज येत होता.
कुणाचा ते ओळखलं, सांगणार नाही.

दुपारी, जेवायच्या आधी,
उजवा हात नाकाशी नेला.
शाई. साबण. खाली थोडी शेळी.
स्वस्तात गेली की महाग,
मला त्यावरून काही कळेना.